दसऱ्याला चालणारा दगड

मुक्काम अलिबाग,
पितृपक्षातला मंगळवार

तीर्थस्वरूप रामचंद्रकाकांच्या पायी प्रणालीचा साष्टांग दंडवत.

पत्रात आधी समोरच्याची ख्यालीखुशाली विचारावी, मग आपली कळवावी आणि काम असेल तर ते अगदी शेवटी, जणू आत्ताच आठवलं अशा बेताने लिहावं, हे तुम्हीच मला ओटीवर बसवून शिकवलंत. त्याच क्रमाने जाते. तुमचा गुडघा कसा आहे? काकींचा दमा या पावसात वाढला नसावा. प्रज्योतदादाच्या नव्या गाडीला अजून ओरखडा पडलेला नसेल अशी आशा करते (पडलाच असेल तर कोणत्या तारखेला, ते कळवावं. अठ्ठावीस ऑगस्ट ते दोन सप्टेंबर यांच्या दरम्यान पडला असेल तर तो माझ्यामुळे असण्याची शक्यता आहे, आणि तसं मी लिहून द्यायला तयार आहे). मी बरी आहे. म्हणजे जेवते. झोप लागत नाही, पण ती मला दहावीपासूनच नीट लागत नाही, तेव्हा हे नवीन धरू नये. आईला कळवू नका.

फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. एक तर तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओटीवर ठेवता आणि शेजारचे लोक पोह्यांची ताटली घेऊन ऐकायला येतात. दुसरं, मोजमापाची गोष्ट तोंडी बोलू नये, कागदावर आणावी, हे वाक्य तुमचंच आहे. आणि तिसरं कारण असं की तुम्हीही मला पत्रच पाठवलंत. मला म्हणजे आमच्या कंपनीला. गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर तक्रार क्रमांक एक्केचाळीस आली. आधीच्या चाळीस फोनवर आणि ईमेलवर आल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच इथे लिहिण्यासारख्या नाहीत. ही एकटी पोस्टाने आली. आखीव कागद, निळी शाई, डाव्या हाताला दोन बोटं समास. अक्षर दिसताच मी खुर्चीतून उठून उभी राहिले (सवय आहे). तुम्ही लिहिलं होतं की तुमच्या मुलाची गाडी स्वतःच्या अंगणात उभी असताना पडद्यावर समुद्रात दिसते. की मिठागरांवर तीस वर्षं मोजणीदार म्हणून काम केलेल्या माणसाला हा अपमान वाटतो. की चुकीचं माप देणारा आणि चोर या दोघांत तुम्ही आयुष्यात कधी फरक केलेला नाही. आणि ज्या कुणाच्या हातून हे झालं त्याला शोधून काढून कामावरून घालवावं.

शोधलं, काका. सापडलं. त्याचंच हे उत्तर आहे, फक्त कंपनीच्या कागदावर नाही.

माझं काम काय आहे हे तुम्ही गावात 'ती गाड्यांना रस्ता दाखवते' असं सांगता, तेव्हा मी खांबावर कंदील घेऊन उभी असल्यासारखं वाटतं. काम एवढंच असतं: गाडीतल्या पडद्यावर एक निळा बाण असतो. तो बाण म्हणजे गाडी. गाडी आकाशातल्या उपग्रहांना विचारते, मी कुठे आहे. आणि उपग्रह सांगतात, पण पाच-सात मीटर इकडेतिकडे सांगतात. मोठ्या शहरातल्या रुंद रस्त्याला ते चालून जातं. आपल्याकडे रेवसपासून मुरुडपर्यंतचा रस्ता म्हणजे दोन गाड्यांनी एकमेकींची विचारपूस करत जाण्याएवढा, वर माडांचं छप्पर, एका बाजूला कुणाची पडवी आणि दुसऱ्या बाजूला कुणाची न्हाणी. बाण सात मीटर सरकला की माणूस सहकुटुंब न्हाणीत. ही चूक कमी करायची, बाण खऱ्या जागी आणायचा, म्हणून कंपनीने आम्हा चौघांना नेमलं होतं. त्याचा उपाय ऐकलात तर तुम्हाला आवडेल. ज्या जागेचे अक्षांश-रेखांश शंभर टक्के पक्के ठाऊक आहेत अशा जागी खांब रोवायचा, त्यावर अँटेना बसवायची. अँटेना आकाशाला विचारणार, मी कुठे आहे. आकाश जे सांगेल आणि खरं जे असेल, त्यांतला फरक म्हणजे आकाशाची त्या घटकेची चूक. तेवढी चूक आसपासच्या सगळ्या गाड्यांच्या मापातून वजा करायची, की प्रत्येक बाण आपापल्या जागी. अट एकच. ती पक्की जागा पक्की असली पाहिजे. ती खोटी निघाली तर तिचा खोटेपणा दर सेकंदाला प्रत्येक गाडीत प्रामाणिकपणे पोचवला जातो.

मीटिंगमध्ये मी कधी बोलत नाही (बोलायचं ठरवते तोवर विषय बदललेला असतो). पण त्या दिवशी उभी राहिले. म्हटलं, आमच्या गावी एक दगड आहे. इंग्रजांच्या वेळच्या मोजणीतला, मांडीएवढा उंच, माथ्यावर फुली कोरलेली, आणि जुन्या नकाशात त्याचे अक्षांश-रेखांश छापलेले. माझे काका दर दसऱ्याला त्याला धुऊन चुना लावतात, नारळ वाढवतात. माणूस चुकेल, मोजणीची साखळी चुकेल, पण दगड चुकत नाही, असं ते म्हणतात. आमचे विपुल सर ठाण्यातून इकडे आलेले आहेत आणि त्यांना गावाकडच्या काकांबद्दल फार आदर आहे, कारण त्यांना स्वतःला गावही नाही आणि काकाही नाहीत. ते म्हणाले, "परफेक्ट! असलं लोकल नॉलेजच पाहिजे यार." खांब रोवायच्या दिवशी तुम्ही केलेलं भाषण तुम्हाला आठवत असेल. हा दगड आमच्या घराण्याचा साक्षीदार आहे, असं म्हणालात. सर्वांनी टाळ्या वाजवल्या, मी सगळ्यात जास्त. (मोबाइलची रेंज वाढेल ना, असं तुम्ही मला हळूच विचारलं होतंत आणि मी वाढेल म्हणाले होते. ते खोटं होतं. तो खांब मोबाइलचा नव्हता, तो फक्त मोजतो. हे तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं, त्याबद्दल क्षमा मागते. सांगितलं असतं तर कदाचित पुढचं काहीच झालं नसतं.)

त्याच दिवशी पाहुण्यांच्या चहासाठी मधल्या काकांच्या मागे राहिलेल्या नीराकाकू कळशी घेऊन विहिरीवर आल्या आणि सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, "भावजी, पाणी घेऊ का?" तुम्ही हसून म्हणालात, "घे गो, पाणी काय कुणाच्या मालकीचं असतं?" परतीच्या वाटेवर विपुल सर माड संपेपर्यंत तुमच्याबद्दलच बोलत होते. "क्या दिल है तेरे काका का! आमच्या सोसायटीत टँकरवरून मारामारी होते, माहितीये?" मला इतका अभिमान वाटला की मी खिडकीकडे तोंड करून बसले.

गाडी सदू चालवत होता. आपला सदू, पलीकडच्या वाडीतला, आता आमच्या कंपनीत ड्रायव्हर आहे आणि खांब उभारणं, अँटेना बसवणं हेही तोच करतो. पहिल्या दिवशी दगड बघून तो डोकं खाजवत म्हणाला, "ताई, ह्याच्यावर नका बसवू. ह्यो दगड चालतो." मी विचारलं, कुठे चालतो? "दसऱ्याला चालतो. समद्या गावाला ठावं हाय." यावर मी त्याला अंधश्रद्धा या विषयावर पाऊण तास ऐकवलं. निर्जीव वस्तूला गती येण्यासाठी बाहेरून बल लागतं, हेसुद्धा सांगितलं. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "व्हय, बाहेरून लागतं." मला वाटलं, समजलं त्याला.

आता माझी चूक. ती मी टाळून पुढे जाणार नाही. नियमाप्रमाणे खांब सुरू करण्याआधी आम्ही सलग बहात्तर तास उपग्रहांकडून दगडाची जागा मोजून घेतली. उपग्रह एका क्षणी चुकतात, पण तीन दिवसांची सरासरी फारशी चुकत नाही. सरासरी आली तेव्हा नकाशातली जागा आणि आकाशाने सांगितलेली जागा यांत फरक होता. दगड नकाशातल्यापेक्षा पूर्वेला होता. अकरा मीटर अठ्ठावन्न सेंटीमीटर. मी पुन्हा बहात्तर तास मोजलं. तेवढंच. तिसऱ्यांदा मोजलं. तेवढंच. कोणत्याही शहाण्या मुलीने म्हटलं असतं, दगड हललेला आहे. मी काय केलं? मी अहवालात लिहिलं: 'दगड विश्वासार्ह. आकाशातून येणाऱ्या मापात या परिसरापुरता सातत्यपूर्ण दोष.' विपुल सरांनी विचारलंसुद्धा, "म्हणजे तीस सॅटेलाइट झूठ बोलतायत आणि तुझा एक दगड सच?" मी म्हटलं, हो सर, काका स्वतः चुना लावतात. तारीख जवळ आली होती. त्यांनी सही केली. काका, मी माणसांनी आकाशात सोडलेल्या तीस यंत्रांना खोटं ठरवलं, कारण तुम्हाला खोटं ठरवायचं असतं ही कल्पनाच माझ्या डोक्यात कुठे ठेवलेली नव्हती.

अठ्ठावीस ऑगस्टला, ऐन गणपतीत, दुरुस्ती सुरू झाली आणि आपल्या सगळ्या किनाऱ्यावरचा प्रत्येक बाण साडेअकरा मीटर पश्चिमेला सरकला. पश्चिमेला काय आहे ते तुम्ही जाणता. रेवसच्या धक्क्यावर एक कुटुंब गाडी उभी करून आत बसून वडे खात होतं. गाडीला वाटलं, आपण पाण्यात आहोत, म्हणजे बोटीत आहोत, आणि पडद्यातून वळणं सांगणारी गाडीतली बाई गोड आवाजात म्हणाली, भाऊच्या धक्क्याला आपण चाळीस मिनिटांत पोचाल. आजोबा दार उघडून बाहेर धावले. मुरुडमध्ये समुद्राकडे उतरणाऱ्या एका रस्त्यावर एक लॉज आहे. तिथलं डावं वळण बाई साडेअकरा मीटर आधीच सांगू लागली, आणि साडेअकरा मीटर आधी कोकिळाबाईंचं बोंबील वाळवायचं अंगण आहे. पहिल्या दिवशी तिथे तीन गाड्या शिरल्या. दुसऱ्या दिवशी सात. एका गाडीत नवरदेव होता.

मी माफी मागायला स्वतः गेले. कोकिळाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "तूच का ती गाडीतली बाई?" मी म्हटलं, नाही, मी तिला सांगते कुठे वळायचं ते. "मग तिला सांग, डोळं उघड. 'डावीकडं वला, डावीकडं वला.' अगो, डावीकडं माझं बोंबील हायेत!" मी म्हटलं, आकाशातून येणाऱ्या मापात दोष आहे. त्यांनी मान वर करून आकाशाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "जेवलीस का तू?" त्यानंतर मी दुपारभर त्यांच्याबरोबर चिरडलेले बोंबील वेगळे करत बसले. चार दिवस ऑफिसात माझ्या शेजारी कुणी बसलं नाही. (बसत नव्हतेच, पण आता कारण मिळालं.)

दोन सप्टेंबरला खांब बंद केला. चौकशी लागली. गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला लेखी खुलासा द्यायचा आहे. विपुल सरांनी वाटही दाखवून दिली. अँटेना सदूने बसवली होती, बसवताना त्याचा धक्का लागला असं लिही, "ड्रायव्हर का हाथ लगा, खतम. तू बचेगी, मैं भी बचूंगा." सदू दाराबाहेर उभा होता. त्याने ऐकलं असणार, कारण जिन्यात तो म्हणाला, "लिवा ताई. मला गाडी चालवता येते, कुठंबी चालवीन. तुमाला दुसरं काय येतंय?"

म्हणून रविवारी मी तुम्हाला न सांगता गावी आले होते. तुम्ही प्रज्योतदादाच्या गाडीतून पेणला गेला होता. सदूला सोबत घेतलं. त्याला म्हटलं, दगड चालतो म्हणजे काय ते आता मला दाखव. त्याने दगडापासून पश्चिमेकडचा पाला पायाने बाजूला केला आणि खुरप्याने माती खरवडली. दोन फुटांवर चुन्याचा पांढरा डाग. आणखी दोन फुटांवर दुसरा. आणखी दोन फुटांवर तिसरा. अलीकडचे ठसठशीत, मागे मागे गेलेले फिके, मातीत मिसळून दुधाळ झालेले. जिथे जिथे दगड उभा होता तिथे तिथे त्याच्या पायाशी चुना सांडलेला. ओल्या पायाने कुणी ओटीवरून चालत जावं तसा दिसत होता. मी मोजले. एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस फूट, म्हणजे अकरा मीटर अठ्ठावन्न सेंटीमीटर. आकाश सेंटीमीटरला चुकलं नव्हतं.

तरी मी म्हटलं, चुन्याचे डाग कसलेही असतील. तुम्ही मला शिकवलं होतंत की हद्दीचा खरा दगड ओळखायचा असेल तर त्याच्या खाली खणावं. जुने मोजणीदार दगडाखाली कोळसा पुरून ठेवत, कारण दगड उचलता येतो, पण कोळसा कुजत नाही आणि तिथे कोळसा आहे हे चोराला सुचत नाही. मी आधी दगडाच्या बुडाशी खणलं. नुसती वाळू. मग शेवटच्या, सगळ्यात फिक्या डागापाशी खणलं. हातभर खाली कोळसा. पसाभर. हात काळा झाला. सदू म्हणाला, "आता पटलं?" मी विचारलं, तुला कधीपासून माहीत? तेव्हा तो जे म्हणाला ते लिहायला मी मघापासून टाळते आहे. तो म्हणाला, "म्हाईत म्हंजे? पहार मीच लावायचो. आमाला वाटायचं काकांचा नवस हाय. आनि ताई, पहिल्या वर्षाला फीत तुमीच तर धरली व्हती."

धरली होती, काका. आठवलं. मधले काका वारले त्या वर्षीचा दसरा. मी सात वर्षांची. बाबा न्हावा शेव्याला बंदरात, आई आजारी, म्हणून मी तुमच्याकडे होते आणि रोज शाळेत जायच्या आधी अक्षर, अंक, पाढे, दिशा, सगळं तुमच्याकडूनच शिकत होते. तुम्ही फितीचं टोक माझ्या हातात दिलंत. म्हणालात, घट्ट धर, हलू द्यायचं नाही, मोजणारा माणूस हलला की सगळं खोटं. मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तुम्ही पूर्वेला फीत ओढलीत आणि विचारलंत, किती? मी फितीवरचा आकडा ओरडून सांगितला आणि तुम्ही म्हणालात, शाब्बास, बे एके बे. दगड खालूनही रंगवायचा असतो म्हणून उचलतात, असं तुम्ही सांगितलं होतंत. पुढच्या दसऱ्याला बे दुणे चार. त्याच्या पुढच्याला बे त्रिक सहा. मग आई बरी झाली आणि मी गेले. पाढा तुम्ही पुढे एकट्याने म्हटलात. इतर मुलांना बेचा पाढा आठवड्यात येतो. मला तो पुरा कळायला एकोणीस वर्षं लागली.

आणि विहीर. दगड म्हणजे तुमच्या आणि मधल्या काकांच्या वाटणीची हद्द, आणि जुन्या हद्दीपासून विहीर पूर्वेला, त्यांच्या बाजूला, एकोणतीस फुटांवर आहे. मी फीत लावून पाहिलं. म्हणजे पंधराव्या दसऱ्याला दगड विहीर ओलांडून पलीकडे गेला. त्याला आता पाच वर्षं होतील. नीराकाकू पाणी विचारून घ्यायला लागल्या त्यालाही पाचच वर्षं झाली. विहीर मधल्या काकांनी स्वतः खणली होती, खणताना त्यांच्या पायावर दगड पडला होता आणि ते मरेपर्यंत पावसाळ्यात लंगडत. ही गोष्टही मला तुम्हीच सांगितलीत, कष्टाचं महत्त्व शिकवताना. गेल्या आठवड्यात त्यांची तिथी झाली. पान वाढताना पाणी कुठून आणलं असेल आणि त्यासाठी कुणाला विचारलं असेल, हे मी मनात येऊ द्यायचं नाही म्हणते आणि ते येतं. पाच वर्षं, दिवसाला निदान दोन वेळा. पाणी काय कुणाच्या मालकीचं असतं, हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणाला असाल त्याचा गुणाकार मी केलेला नाही. मला येतो. तुम्हीच शिकवलात.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. अक्षर तुमचं, समास तुमचा, रात्री कुलूप तीनदा ओढून बघण्याची खोड तुमची. मी भाजीवाल्याकडून चुकून जास्त आलेली मिरची परत द्यायला दोन किलोमीटर चालत गेले आहे, ते तुमच्यामुळे. मला एवढंच कळत नाही की हे सगळं तुम्ही मला दिलंत तेव्हा तुमच्याकडे काही शिल्लक कसं ठेवलं नाहीत.

काकींना नमस्कार. प्रज्योतदादाकडे आशीर्वाद मागते. थंड पाण्याने आंघोळ करू नका, गुडघा धरेल.

तुमची आज्ञाधारक पुतणी,
प्रणाली

ता. क. आत्ताच आठवलं. सोबत एक कागद जोडला आहे. त्यावर फक्त एवढंच लिहिलं आहे की अमुक दगड आपल्या मूळ जागेवर नाही आणि हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणी हलवला ते मी लिहिलेलं नाही. खाली पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करावी आणि गुरुवारच्या आत पोचेल अशा बेताने पाठवावं. नाहीतर खुलाशात सदूचं नाव जाईल. कागद दुमडू नये.

ता. क. २. आज शनिवार. वरचं पत्र मंगळवारी लिहून झालं, पण पेटीपर्यंत जाऊन तीनदा परत आले. त्यामुळे सहीचा प्रश्न आता उरला नाही. गुरुवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना मी खुलासा दिला. त्यात लिहिलं की सदूचा काही दोष नाही, त्याने मला पहिल्याच दिवशी लेखी नाही पण तोंडी इशारा दिला होता, मी आकाश तीनदा तपासलं आणि काकांना एकदाही तपासलं नाही, चूक माझी. कोळशाचा फोटो जोडला. विपुल सर ते वाचून म्हणाले, "मला काका नाहीत तेच बरं आहे यार." सदूची नोकरी राहिली. मला मोजणीवरून काढलं आणि खुणा नोंदवायच्या टेबलावर बसवलं आहे. म्हणजे नकाशात देऊळ, पेट्रोल पंप, वडाचं झाड, अशा खुणा भरायच्या, ज्या बघून गाडीतली बाई वळण सांगते. तुमची तक्रार क्रमांक एक्केचाळीस निकाली काढल्याची नोंद मीच केली. 'दोषी व्यक्तीस कामावरून हटवण्यात आले.' हे अर्धं खरं आहे. निदान निम्म्या दोषींपुरतं.

कागदावर सही तरीही करावी, ही विनंती आहे. ती कंपनीला नको आहे, मला हवी आहे. आणि खरं काम वेगळंच आहे: या दसऱ्याला मी येते. फितीचं टोक मीच धरीन, कोळशाच्या जागी. सदू पहार आणील. यंदा पाढा उलटा म्हणायचा आहे, आणि वर्षाला एक ओळ एवढा वेळ आपल्यापाशी नाही, सगळा एका सकाळीच म्हणू. नीराकाकूंना मी सांगितलं आहे. मला वाटलं होतं त्या रडतील. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "दिसत व्हतं गो मला. मोजता येत नव्हतं."

ता. क. ३. हे पत्र पोस्टाने न जाता सदूच्या हाती येत आहे. तो उत्तरासाठी थांबेल. त्याला तहान लागली तर तो पाणी नीराकाकूंना विचारून घेईल.

आणि एक राहिलं. प्रज्योतदादाच्या गाडीत नवीन नकाशा सोमवारी आपोआप उतरेल, काही दाबावं लागणार नाही. मोजणी आता उत्तम आहे. गाडी अंगणात असली की अंगणातच दिसेल. आपल्या घराकडच्या वळणाला पाटी नव्हती, आणि पाटी नसेल तिथे जवळची ठळक खूण सांगावी असा नियम आहे. मी रीतसर अर्ज भरला, दोन सह्या घेतल्या, तो मंजूर झाला. तेव्हा यापुढे तुम्ही कुठूनही परत या, पेणहून, अलिबागहून, लग्नाहून, दवाखान्यातून, घराच्या पन्नास मीटर अलीकडे बाई म्हणेल, "डावीकडे वळा. नीराबाईंची विहीर." आवाज लहान करता येतो. मी तपासून पाहिलं, विहीर गाळता येत नाही.